प्रलयोत्तर विज्ञान-कादंबऱ्या आणि फँटसी मालिकांचे पुढचे भाग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जगाचा अंत होऊन गेल्यानंतरच्या काळावर लिहिलेल्या इंग्रजी आणि इंग्रजीत अनुवादित झालेल्या कादंबऱ्या मराठी वाचक आता मोठ्या प्रमाणावर वाचू लागले आहेत. त्यांच्याकडून येणारे बहुतेक प्रश्न पहिल्या पुस्तकाबद्दल नसतात. ते दुसऱ्या-तिसऱ्या पुस्तकाबद्दल असतात. कोणते आधी वाचायचे, कोणते वगळले तर चालेल, आणि पुढचा भाग मुळात वाचायचाच कशाला, असे ते प्रश्न आहेत. त्यांतील नेहमीचे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. मांडणी समजण्यासाठी आवश्यक तेवढेच कथानक सांगितले असून कोणत्याही कादंबरीचा शेवट उघड केलेला नाही.

१. प्रलयोत्तर कादंबरी म्हणजे काय, आणि तिचा ‘पुढचा भाग’ नेमका कशाला म्हणायचा?

ज्या कादंबरीत आपल्या ओळखीची मानवी संस्कृती कोसळून गेलेली आहे आणि उरलेली माणसे त्या अवशेषांत जगत आहेत, ती प्रलयोत्तर कादंबरी. कोसळण्याचे कारण अणुयुद्ध, साथ, हवामानाचा बिघाड किंवा भूगर्भातील उलथापालथ यांपैकी काहीही असू शकते. कोसळणे वाचकासमोर घडते की ते शतकानुशतके आधी घडून गेलेले असते, हाही लेखकाच्या निवडीचा भाग आहे.

पुढचा भाग म्हणजे तीच माणसे आणि त्यांचे पुढचे साहस, अशी साधारण समजूत असते. या प्रकारात मात्र ती फारशी उपयोगी पडत नाही. काही पुढचे भाग पहिल्या पुस्तकाच्या शेवटच्या पानापासून सुरू होतात, काही एक पिढी किंवा काही शतके ओलांडतात, काही पहिल्या पुस्तकाच्याच काळात दुसऱ्या माणसांच्या नजरेतून घडतात, तर काही मागे जाऊन प्रलयाचे कारण सांगतात. आपल्या हातातील पुस्तक यांपैकी कोणत्या जातीचे आहे, हे आधी ठाऊक असले की बराचसा अपेक्षाभंग टळतो.

२. ‘द हंगर गेम्स’ आणि ‘द हँडमेड्स टेल’ हेही याच प्रकारात येतात का?

अंशतः येतात. डिस्टोपियाच्या केंद्रस्थानी जुलमी पण चालू असलेली व्यवस्था असते. प्रलयोत्तर कादंबरीत व्यवस्थाच नाहीशी झालेली असते आणि ती पुन्हा उभारायची की नाही, हा प्रश्न असतो. सुझान कॉलिन्स यांचे पॅनेम हे राष्ट्र उत्तर अमेरिकेच्या अवशेषांवर उभे राहिलेले असल्यामुळे ती मालिका दोन्हींच्या सीमेवर येते. मार्गारेट ॲटवूड यांची ‘द हँडमेड्स टेल’ (१९८५) आणि २०१९ चे बुकर पारितोषिक विभागून मिळवणारा तिचा पुढचा भाग ‘द टेस्टामेंट्स’ या मात्र उघडपणे राज्यव्यवस्थेच्या कादंबऱ्या आहेत. प्रलयोत्तर ॲटवूड वाचायच्या असतील, तर प्रश्न ६ पाहावा.

३. जग तर पहिल्याच पुस्तकात संपते. मग पुढच्या भागात सांगण्यासारखे उरते तरी काय?

हा सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देणे मला आवश्यक वाटते.

पहिल्या पुस्तकाचा प्रश्न बहुधा जगण्याचा असतो : पाणी कुठे मिळेल, रात्री पहारा कोण देईल, विश्वास कोणावर ठेवायचा. हा प्रश्न थरारक असला, तरी त्याची उत्तरे मोजकीच आहेत, आणि अशी पाचसहा पुस्तके वाचली की ती सगळी ओळखीची होतात. दुसऱ्या पुस्तकात प्रश्न बदलतो. आता माणसे जगली आहेत, त्यांनी वस्ती केली आहे, मुले जन्माला आली आहेत. त्या वस्तीचे नियम कोण ठरवणार? जुन्या जगातले काय मुलांना शिकवायचे आणि काय विसरू द्यायचे? ज्यांनी ते जग पाहिलेच नाही, त्यांनी त्याचा शोक का करावा? माझ्या मते या साहित्यप्रकाराचे खरे काम येथून सुरू होते, आणि पहिले पुस्तक वाचून थांबणारा वाचक नेमक्या या ठिकाणी परत फिरतो.

ऑक्टेव्हिया बटलर यांची ‘पॅरेबल’ जोडी हे याचे उत्तम उदाहरण आहे. १९९३ च्या ‘पॅरेबल ऑफ द सोअर’मध्ये लॉरेन ओलामिना ही कृष्णवर्णीय मुलगी आपल्या पंधराव्या वाढदिवशी, म्हणजे जुलै २०२४ मध्ये, रोजनिशी लिहू लागते. लॉस एंजेलिसजवळची तिची भिंतीआडची वस्ती उद्ध्वस्त होते, ती उत्तरेकडे चालत निघते आणि वाटेत ‘अर्थसीड’ नावाचा नवा धर्म आकाराला येतो. बदल हाच देव आहे, असे तो धर्म मानतो. १९९८ च्या ‘पॅरेबल ऑफ द टॅलेंट्स’मध्ये ही गोष्ट पुढे जाते, मात्र आता लॉरेनच्या रोजनिशीला तिच्या मुलीच्या निवेदनाची चौकट आहे, आणि ही मुलगी आईवर नाराज आहे. पहिल्या पुस्तकात जी निष्ठा आपल्याला तेजस्वी वाटली होती, तिची किंमत दुसऱ्या पुस्तकात एक मूल मोजते. आपण ज्या नायिकेबरोबर इतके चाललो, तिच्याकडे तिच्याच लेकीच्या डोळ्यांनी पाहायला लावणारा हा भाग वाचल्यावर पहिले पुस्तकही वेगळे दिसू लागते. या दुसऱ्या कादंबरीला नेब्युला पुरस्कार मिळाला.

मराठी वाचकाला ही रचना परकी वाटू नये. महाभारत अठरा दिवसांच्या युद्धापाशी संपत नाही. स्त्रीपर्वात विधवांचा आक्रोश आहे, शांतिपर्वात शरशय्येवरचे भीष्म युधिष्ठिराला राज्य कसे चालवावे हे सांगतात, आणि मौसलपर्वात यादवकुळही नष्ट होते. युद्ध जिंकलेल्या माणसाला राज्य नकोसे होते आणि तरीही ते चालवावे लागते, ही युधिष्ठिराची कोंडी चांगल्या प्रलयोत्तर पुढच्या भागांतील बहुतेक नायकांची असते.

४. मालिका कोणत्या क्रमाने वाचावी? प्रकाशनाच्या की घटनांच्या?

प्रकाशनाच्या. अपवाद फार थोडे आहेत, आणि तेही पहिल्यांदा वाचणाऱ्यासाठी नाहीत.

प्रलयोत्तर कादंबरीत वाचकाचे अज्ञान हा कथेचाच भाग असतो. पात्रांना जग का संपले हे ठाऊक नसते आणि आपल्यालाही नसते. ह्यू होवी यांची ‘सायलो’ मालिका घ्या. जमिनीत खोल गेलेल्या, शंभराहून अधिक मजल्यांच्या वसाहतीत माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत, आणि बाहेर जाण्याची इच्छा बोलून दाखवणे हा तेथे गुन्हा आहे. ‘वूल’चा पहिला छोटा भाग होवी यांनी २०११ मध्ये स्वतःच ई-पुस्तक म्हणून प्रकाशित केला; त्यानंतर आणखी चार भाग येऊन त्यांची कादंबरी झाली. २०१३ च्या ‘शिफ्ट’मध्ये कथा मागे जाते आणि ही वसाहत का बांधली गेली हे सांगते, त्याच वर्षीचे ‘डस्ट’ दोन्ही धागे जोडते. घटनाक्रमाने जाऊन ‘शिफ्ट’ आधी वाचले, तर ‘वूल’मधला प्रत्येक बंद दरवाजा आपल्यासाठी आधीच उघडलेला असतो.

कॉलिन्स यांच्याबाबतही हेच लागू आहे. मूळ त्रयी २००८ ते २०१० या काळातली. ‘द बॅलड ऑफ साँगबर्ड्स अँड स्नेक्स’ (२०२०) आणि ‘सनराइज ऑन द रीपिंग’ (२०२५) या पूर्वकथा त्रयीनंतरच वाचाव्यात, कारण त्यांतील जवळजवळ प्रत्येक प्रसंगाचे वजन पुढे काय होणार हे वाचकाला ठाऊक असण्यावर अवलंबून आहे.

स्टीव्हन किंग यांच्या ‘द डार्क टॉवर’बाबत एक वेगळी अडचण आहे. पहिली सात पुस्तके १९८२ ते २००४ या काळात आली, आणि आठवे, ‘द विंड थ्रू द कीहोल’, २०१२ मध्ये. मात्र कथेत त्याची जागा चौथ्या आणि पाचव्या पुस्तकांच्या मधे आहे. पहिल्या वाचनात ते शेवटी ठेवावे. शिवाय पहिले पुस्तक ‘द गन्सलिंगर’ किंग यांनी पुढच्या भागांशी जुळावे म्हणून २००३ मध्ये सुधारून पुन्हा प्रकाशित केले, त्यामुळे जुनी प्रत हाती असेल तर काही तपशील पुढे विसंगत वाटतील.

५. पहिला भाग न वाचता थेट दुसरा वाचला तर चालेल का?

बहुतेक वेळा नाही. चालणारी उदाहरणे मात्र आहेत. दिमित्री ग्लुखोव्स्की यांची ‘मेट्रो २०३३’ अणुयुद्धानंतर मॉस्कोच्या भुयारी रेल्वेत जगणाऱ्या माणसांची गोष्ट आहे; ती आधी त्यांच्या संकेतस्थळावर आली आणि २००५ मध्ये पुस्तकरूपाने छापली गेली. ‘मेट्रो २०३४’ (२००९) दुसऱ्या स्थानकावर, बहुतांशी दुसऱ्या पात्रांसह घडते, त्यामुळे ती स्वतंत्रपणे वाचता येते. ‘मेट्रो २०३५’ (२०१५) पुन्हा पहिल्या पुस्तकातील आर्त्योमकडे वळते, आणि पहिल्याशिवाय तिला अर्थ नाही. वेळ कमी असेल तर २०३३ नंतर थेट २०३५ वाचावे. मधले पुस्तक मला तिघांत सर्वांत कमकुवत वाटते.

एम. आर. कॅरी यांच्या ‘द गर्ल विथ ऑल द गिफ्ट्स’ (२०१४) आणि ‘द बॉय ऑन द ब्रिज’ (२०१७) यांपैकी दुसरी आधीच्या काळात घडते आणि बरीच स्वयंपूर्ण आहे, पण तिचा उपसंहार पहिलीच्या नंतरचा आहे. म्हणून येथेही प्रश्न ४ चे उत्तर लागू होते.

६. दुसऱ्या पुस्तकात आवडती पात्रे गायबच आहेत. मी चुकीचे पुस्तक घेतले का?

नाही. हा प्रश्न सर्वाधिक ॲटवूड यांच्या त्रयीबद्दल येतो. ‘ओरिक्स अँड क्रेक’ (२००३) मध्ये मानवनिर्मित साथीनंतर स्वतःला शेवटचा माणूस समजणारा स्नोमॅन आपल्याला भेटतो. ‘द इयर ऑफ द फ्लड’ (२००९) उघडले, तर तेथे टोबी आणि रेन या दोन स्त्रिया आहेत आणि गच्च्यांवर भाजीपाला पिकवणारा ‘गॉड्स गार्डनर्स’ हा पंथ आहे. हे पुस्तक पहिल्याच्या पुढे न जाता त्याला समांतर चालते. पहिले पुस्तक कुंपणाआडच्या, कंपन्यांच्या वसाहतींत वाढलेल्या मुलाचे होते. दुसरे कुंपणाबाहेरच्या गरीब वस्त्यांतले आहे. एकाच विनाशाची ही दुसरी बाजू वाचताना लक्षात येते की पहिल्या निवेदकाला किती थोडे दिसत होते. ‘मॅडॲडम’ (२०१३) हे तिसरे पुस्तक दोन्ही बाजूंना एकत्र आणून पुढे नेते. म्हणून मधले पुस्तक वगळून तिसऱ्याकडे जाण्याचा मोह टाळावा.

७. दोन भागांत एवढी वर्षे का ओलांडलेली असतात?

मुख्यतः मुलांना मोठे होऊ देण्यासाठी. प्रलय न पाहिलेली पिढी बोलू लागेपर्यंत प्रश्न ३ मधले प्रश्न उभेच राहत नाहीत. फिलिप रीव्ह यांच्या ‘मॉर्टल एंजिन्स’ (२००१) मालिकेत साठ मिनिटांच्या युद्धानंतर चाकांवर फिरणारी शहरे एकमेकांना गिळत असतात. तिसऱ्या पुस्तकात, ‘इन्फर्नल डिव्हाइसेस’ (२००५) मध्ये, कथा सोळा वर्षे पुढे जाते आणि पहिल्या नायक-नायिकेची मुलगी पुढे येते.

वॉबगेशिग राइस या अनिशिनाबे लेखकाची जोडी मला याहून महत्त्वाची वाटते. ‘मून ऑफ द क्रस्टेड स्नो’ (२०१८) मध्ये कॅनडाच्या उत्तरेकडील एका आदिवासी वस्तीची वीज जाते, फोन बंद पडतात आणि दक्षिणेकडून कोणतीही बातमी येईनाशी होते. तेथील वृद्ध आयलीन सांगते की आपल्या लोकांचे जग याआधीही अनेकदा संपले आहे : गोरे आले तेव्हा, जमिनी गेल्या तेव्हा, मुले हिरावून नेली तेव्हा. ‘मून ऑफ द टर्निंग लीव्ह्ज’ (२०२३) मध्ये सुमारे बारा वर्षांनंतर त्या वस्तीतील काही जण पूर्वजांच्या भूमीकडे, दक्षिणेला, पायी निघतात, आणि त्यांच्यात प्रलयाच्या वेळी लहान असलेली, आता तरुण झालेली मुलगी आहे. ज्या समाजावर प्रलय आधीच लादला गेला होता, त्याच्यासाठी ‘नंतर’ म्हणजे काय, हे या पुढच्या भागात जितक्या शांतपणे उमटते तितके मी क्वचितच वाचले आहे.

८. ‘ब्रोकन अर्थ’ विज्ञान-कादंबरी आहे की फँटसी? आणि तिच्या भागांमध्ये खंड पडला तर चालेल का?

एन. के. जेमिसिन यांच्या त्रयीत ‘स्टिलनेस’ नावाचा एक खंड आहे. तेथे दर काही शतकांनी भूकंप आणि ज्वालामुखींमुळे ‘पाचवा ऋतू’ येतो आणि संस्कृती जवळजवळ नष्ट होते. भूगर्भातील ऊर्जा वळवू शकणारे ‘ओरोजीन’ त्या समाजाला वाचवतात, आणि तोच समाज त्यांना गुलामासारखे वागवतो. ही शक्ती फँटसीची आहे, तर भूगर्भशास्त्राचा तपशील आणि उत्तरार्धातील उलगडा विज्ञान-कादंबरीचा. दोन्हींपैकी एकच खूण लावण्याचा आग्रह धरू नये.

‘द फिफ्थ सीझन’ (२०१५), ‘द ओबेलिस्क गेट’ (२०१६) आणि ‘द स्टोन स्काय’ (२०१७) या तिन्ही कादंबऱ्यांना २०१६ ते २०१८ अशी सलग तीन वर्षे सर्वोत्तम कादंबरीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. असा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या लेखिका. खंड पाडू नये, हे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. कथेचा काही भाग वाचकाला ‘तू’ म्हणून संबोधत सांगितलेला आहे, काळ मागेपुढे होतो, आणि दुसरे पुस्तक पहिल्याची उजळणी करून देत नाही. खंड पडलाच, तर शेवटी दिलेल्या परिशिष्टातील शब्दसूची आधी वाचावी.

९. तलवारी, राजे आणि जादू असलेली कादंबरी प्रलयोत्तर कशी असू शकते?

तिचा मध्ययुग भविष्यात असतो. टेरी ब्रुक्स यांच्या ‘द सोर्ड ऑफ शॅनारा’ (१९७७) मध्ये एल्फ आणि बुटके आहेत, पण ते जग महायुद्धांनी नष्ट झालेल्या आपल्याच पृथ्वीचे आहे. ‘आर्मागेडन्स चिल्ड्रन’ (२००६) पासूनच्या त्रयीत ब्रुक्स यांनी तो विनाश प्रत्यक्ष दाखवला आणि आधुनिक अमेरिकेत घडणारी आपली दुसरी मालिका तिला जोडली. मार्क लॉरेन्स यांच्या ‘प्रिन्स ऑफ थॉर्न्स’ (२०११) पासूनच्या त्रयीतही हीच युक्ती आहे, आणि ‘प्रिन्स ऑफ फूल्स’ (२०१४) पासूनची त्यांची दुसरी त्रयी त्याच काळात दुसऱ्या नायकासह घडते. लॉरेन्स यांचा पहिला नायक अतिशय क्रूर आहे. ते सहन होणार नसेल, तर दुसऱ्या त्रयीपासून सुरुवात करायला हरकत नाही.

१०. लेखकाच्या निधनानंतर दुसऱ्याने पूर्ण केलेला किंवा लिहिलेला भाग ‘खरा’ मानावा का?

हस्तलिखित कोणाचे होते, यावर ते अवलंबून ठेवावे. वॉल्टर मिलर यांच्या ‘अ कँटिकल फॉर लीबोविट्झ’ला १९६१ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. अणुयुद्धानंतरच्या अज्ञानयुगात एका मठातील साधू विज्ञानाचे तुकडे अर्थ न कळता जपून ठेवतात. एक भाबडा साधू विजेच्या मंडलाच्या आराखड्याची सोनेरी नक्षीदार प्रत करण्यात आयुष्याची अनेक वर्षे घालवतो. दुसऱ्या महायुद्धात मिलर माँते कसिनोच्या मठावरील बॉम्बहल्ल्यात विमानदळातून सहभागी होते, हे ठाऊक असले की त्या मठाकडे पाहण्याची नजर बदलते. कादंबरीचे तीन भाग एकमेकांपासून सुमारे सहाशे वर्षांच्या अंतरावर आहेत.

मिलर यांनी त्यानंतर दुसरी कादंबरी प्रकाशित केली नाही. १९९६ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले, आणि बऱ्याच अंशी लिहून ठेवलेले हस्तलिखित टेरी बिसन यांनी पूर्ण केल्यावर ‘सेंट लीबोविट्झ अँड द वाइल्ड हॉर्स वूमन’ १९९७ मध्ये आले. ते पहिल्या कादंबरीच्या नंतर घडत नाही. तिच्या दुसऱ्या भागानंतर सुमारे ऐंशी वर्षांनी, म्हणजे कथेच्या मधोमध, घडते. पहिलीची घट्ट वीण त्यात नाही. धर्मसत्ता आणि राजसत्ता यांच्या झगड्यात सापडलेल्या, मठ सोडू पाहणाऱ्या एका साधूची ती लांबलचक गोष्ट आहे. तरीही ती मिलर यांचीच म्हणून वाचावी.

जॉन विंडम यांच्या ‘द डे ऑफ द ट्रिफिड्स’ (१९५१) चे प्रकरण निराळे आहे. सायमन क्लार्क यांनी २००१ मध्ये ‘द नाइट ऑफ द ट्रिफिड्स’ लिहिले, ज्यात पंचवीस वर्षांनंतर मूळ नायकाचा मुलगा गोष्ट सांगतो. येथे विंडम यांचे जग आहे, पण लेखणी पूर्णपणे क्लार्क यांची. त्याला मूळ कथेचा अधिकृत शेवट मानण्याचे कारण नाही.

११. बटलर यांची तिसरी ‘पॅरेबल’ कुठे मिळेल?

ती पूर्ण झालीच नाही. ‘पॅरेबल ऑफ द ट्रिकस्टर’ची सुरुवात बटलर यांनी अनेकदा केली आणि दर वेळी सोडून दिली, २००६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या अपूर्ण सुरुवातींची पाने कॅलिफोर्नियातील सॅन मरिनो येथील हंटिंग्टन ग्रंथालयात त्यांच्या कागदपत्रांसह जतन केलेली आहेत. ‘टॅलेंट्स’ला स्वतःचा शेवट आहे, त्यामुळे तिसरे पुस्तक नाही म्हणून पहिली दोन टाळू नयेत.

१२. मी मालिका पाहिली आहे किंवा गेम खेळलो आहे. पुस्तक कुठून सुरू करू?

सुरुवातीपासूनच. ‘सायलो’ या दूरचित्रमालिकेचे पहिले दोन सीझन मुख्यतः ‘वूल’वर आधारलेले आहेत, पण त्यांत प्रसंग आणि पात्रे बरीच वाढवलेली आहेत. ‘मेट्रो’ गेमच्या बाबतीत अधिक काळजी घ्यावी : ‘लास्ट लाइट’ हा दुसरा गेम दुसऱ्या कादंबरीचे रूपांतर नाही, आणि ‘एक्सोडस’ची गोष्ट ‘मेट्रो २०३५’ नंतरची आहे.

१३. मराठीत असे पुढचे भाग आहेत का?

मराठी विज्ञानसाहित्याचा ओढा कथेकडे आणि स्वतंत्र कादंबरीकडे राहिला आहे. प्रलयाची कल्पना आपल्याकडे आहेच. जयंत नारळीकर यांच्या एका कथेत मुंबईत बर्फ पडतो आणि नव्या हिमयुगाची चाहूल लागते. त्यांच्या ‘वामन परत न आला’ आणि ‘व्हायरस’ या कादंबऱ्यांतही मानवजातीवरचे संकट आहे, पण संकट टाळण्यासाठी झटणारे वैज्ञानिक हा त्यांचा विषय आहे. बर्फ पडून पन्नास वर्षे झाल्यावर गिरगावात कोण राहते आणि मुलांना काय शिकवते, ही मालिका मराठीत कोणीतरी लिहावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

१४. ‘स्टेशन इलेव्हन’मधली पात्रे दुसऱ्या पुस्तकात भेटली. तो पुढचा भाग आहे का?

नाही, आणि हा या यादीतील सर्वांत फसवा अपवाद आहे. एमिली सेंट जॉन मँडेल यांच्या ‘स्टेशन इलेव्हन’ (२०१४) मध्ये फ्लूच्या साथीने बहुतेक मानवजात नष्ट होते. त्यांच्या ‘द ग्लास हॉटेल’ (२०२०) मध्ये मिरांडा आणि लिऑन ही त्याच कादंबरीतील पात्रे पुन्हा येतात, पण या जगात ती साथ आलेलीच नाही. तेथील आपत्ती आर्थिक घोटाळ्याची आहे. ‘सी ऑफ ट्रँक्विलिटी’ (२०२२) पुढे ‘द ग्लास हॉटेल’शी धागा जोडते. ही तिन्ही पुस्तके कोणत्याही क्रमाने वाचता येतात, फक्त शेवटच्या दोहोंपैकी ‘द ग्लास हॉटेल’ आधी घ्यावे.